गाडी लागते ती पोटाला नव्हे, कानाला

खड्ड्यांमुळे मुलांना गाडी लागत नाही. ऐन पावसाळ्यात गोव्यात हे कुणी मोठ्याने बोललं तर लोक अंगावर येतील, पण ते खरं आहे. खड्ड्यात गाडी आपटते, कंबर धरते, हातातला चहा सांडतो. तरी तो धक्का झटक्याचा असतो आणि झटक्यांची शरीराला जन्माची सवय असते. चालताना आपण सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो. प्रत्येक पावलाला डोकं किंचित वर-खाली होतं आणि त्याने कुणाला मळमळत नाही. पोट ढवळतो तो संथ हेलकावा. दर पाचेक सेकंदांनी एक, अशा लयीत शरीर डावीकडून उजवीकडे, पुढून मागे किंवा वरून खाली झुलत राहिलं की त्रास सुरू होतो. खवळलेल्या समुद्रात बोट साधारण याच लयीत डोलते. गोव्याहून बेळगावला जाताना केरीहून चोर्ला घाटाकडे चढणारी वळणंही शरीराला अशीच झुलवतात, डांबर कितीही गुळगुळीत असलं तरी. उलट डांबर गुळगुळीत असलं की चालवणाऱ्याचा पाय जड होतो, वळणावर गाडी जास्त कलते आणि मागे बसलेलं पोर पांढरंफटक पडतं.

असं का होतं हे एकदा समजून घेतलं की पुढचे सगळे उपाय आपोआप सुचतात, म्हणून ते आधी.

आपल्या प्रत्येक कानाच्या आत, हाडात खोलवर, तोल सांभाळणारी एक यंत्रणा असते. तिच्यात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, तीन वेगवेगळ्या दिशांना वळलेल्या आणि द्रवाने भरलेल्या. डोकं फिरलं की नळी फिरते, आतला द्रव किंचित मागे राहतो आणि तेवढ्यावरून मेंदूला वळण कळतं. शेजारी दोन छोट्या पिशव्या असतात. त्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात. गाडीने वेग घेतला, ब्रेक लागला, डोकं कललं की हे कण सरकतात आणि ती बातमी मेंदूकडे जाते. कपहोल्डरमध्ये अर्धी भरलेली पाण्याची पारदर्शक बाटली ठेवून घाट चढा. बाटलीतलं पाणी जेव्हा जेव्हा भिंतीवर चढतं, तेव्हा तेव्हा मुलाच्या कानातही तशीच खळबळ चाललेली असते.

आता मागच्या सीटवरची सात वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर आणा. कान सांगतोय, आपण डावीकडे वळलो, आता उजवीकडे, आता वेग कमी झाला. डोळ्यांना काय दिसतंय? पुढच्या सीटची पाठ. ती तर जागची हलत नाही. हातात मोबाइल असेल तर डोळे आणखी ठामपणे सांगतात की आपण स्थिर आहोत. दोन्ही साक्षीदार विश्वासू आणि दोघांची साक्ष वेगळी. मेंदू गोंधळतो आणि त्या गोंधळातून मळमळ सुरू होते. ही मांडणी १९७०च्या दशकात ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी नीट बांधली आणि आजही बहुतेक डॉक्टर तीच धरून चालतात. तिला आधार देणारी एक गोष्ट फार बोलकी आहे. ज्यांच्या दोन्ही कानांतली ही तोलाची यंत्रणा जन्मतः किंवा आजाराने पूर्ण बंद पडलेली असते, त्यांना गाडीही लागत नाही आणि बोटही.

पण गोंधळ मेंदूत, मग उलटी का? मानसशास्त्रज्ञ मिशेल ट्रिझमन यांनी १९७७ मध्ये यावर एक तर्क मांडला. निसर्गात डोळे आणि कान यांचा मेळ बिघडतो तो बहुधा काहीतरी विषारी खाल्ल्यावर, म्हणून मेंदू खबरदारी म्हणून पोट रिकामं करायला लावतो. हा तर्कच आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. मला मात्र तो पटतो. घाटात मळमळणाऱ्या मुलाच्या पोटात काही बिघडलेलं नसतं, हे तरी त्यातून लक्षात राहतं. "सकाळी काय खाल्लं होतंस?" या प्रश्नाला तिथे फारसा अर्थ नाही.

कानात दडे बसणं ही वेगळी गोष्ट. घाट चढताना हवेचा दाब बदलतो, त्याने कानाच्या पडद्यावर ताण येतो. आवंढा गिळला, जांभई दिली की दडा सुटतो. त्याचा मळमळीशी संबंध नाही.

दोन वर्षांखालच्या बाळांना सहसा गाडी लागत नाही. ती गाडीत ओकली तर दूध जास्त झालंय का, सीटमध्ये पोट दुमडलंय का, ताप वगैरे आहे का ते बघावं. खरा त्रास त्यानंतर सुरू होतो आणि साधारण सहा ते बारा या वयात सर्वांत जास्त असतो. मग बहुतेकांचा हळूहळू कमी होतो. मुलींना मुलांपेक्षा थोडा जास्त होतो. आईवडिलांपैकी कुणाला लहानपणी गाडी लागत असेल किंवा घरात अर्धशिशी असेल, तर शक्यता वाढते. म्हणजे "नाटकं करतोय" म्हणून मुलाला दटावण्याआधी एकदा आपल्या आईला विचारून घ्यावं, आपण लहानपणी काय करत होतो ते.

पहिलं औषध उजव्या पायात

गाडी चालवणाऱ्याला गाडी लागत नाही. मागे बसलं की ज्याला हमखास मळमळतं, तोच माणूस स्टिअरिंगवर बसला की ठणठणीत असतो. कारण वळण कधी येणार, ब्रेक कधी लागणार हे त्याला आधीच माहीत असतं, त्यामुळे शरीर तयार असतं. मागच्या मुलाला प्रत्येक वळण अचानक येतं. गंमत अशी, की ज्याच्या हातात सगळं असतं त्याला त्रास कळत नाही आणि ज्याला त्रास होतो त्याच्या हातात काही नसतं. त्रास होऊ नये म्हणून आपण लिंबू, आलं, गोळ्या, पिशव्या सगळं जमवतो. चालवणाऱ्याला मात्र कुणी काही सांगत नाही.

तर सांगायचं. वळणात शिरण्याआधी वेग कमी करायचा, वळणाच्या मध्यावर ब्रेक मारायचा नाही आणि बाहेर पडताना हळूहळू वेग घ्यायचा. उतारावर, म्हणजे कणकुंबी-चोर्ला सोडून केरीकडे खाली येताना किंवा अनमोडहून मोल्याला उतरताना, खालच्या गिअरमध्ये गाडी ठेवली की सारखा ब्रेकवर पाय द्यावा लागत नाही. पुढच्या ट्रकला ओव्हरटेक करायची घाई, मग कचकन ब्रेक, मग पुन्हा पिकअप, या पुढे-मागे होण्यानेही वळणांइतकाच त्रास होतो. म्हणून पर्वरीच्या वाहतूक कोंडीत, जिथे एकही घाट नाही, तिथेही काही मुलांना मळमळतं. विजेवरच्या गाड्यांत आणखी एक भानगड असते. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की गाडी स्वतःहून वेग खेचून धरते, त्याला रीजनरेटिव्ह ब्रेकिंग म्हणतात. बऱ्याच गाड्यांत त्याची पातळी कमी करायची सोय असते. घाटात मुलं मागे असतील तर ती सौम्य पातळीवर ठेवावी. मात्र लांब उतारावर पायाच्या ब्रेकवर सगळा भार पडू देऊ नये.

आपलाच माणूस चालवत असेल तर बाटलीचा प्रयोग त्याच्यावर करावा. पाणी शांत ठेवून वर पोचून दाखव, असं आव्हान दिलं की बहुतेक बाप सुधारतात. भाड्याची गाडी असेल तर निघतानाच, सगळ्यांसमोर नव्हे, बाजूला घेऊन सांगावं: "दादा, मागे लहान मूल आहे, त्याला गाडी लागते. उशीर झाला तरी चालेल, वळणावर सावकाश घ्या." सीट खराब होऊ नये ही त्याचीही इच्छा असतेच.

कुठे बसवायचं, कुठे बघायचं

सात सीटची गाडी घेऊन आठ-नऊजण कोल्हापूरला अंबाबाईला निघाले की पोरांना कुठे कोंबतात? शेवटच्या रांगेत. तिथे हेलकावा सर्वांत जास्त, खिडकी लहान, समोर दोन रांगा डोकी आणि मागे सामान. गाडी लागणाऱ्या मुलासाठी याहून वाईट जागा नाही. त्याला मधल्या रांगेत, जिथून पुढच्या काचेतून रस्ता दिसेल अशा ठिकाणी बसवावं. मधल्या सीटला खांद्यावरून येणारा पूर्ण पट्टा असेल तर तीच जागा उत्तम. गोव्याच्या सरकारी कदंबा बसमध्येही शेवटचं बाकडं टाळून पुढच्या बाजूची सीट बघावी.

मूल बुटकं असलं की मधे बसवूनही त्याला रस्ता दिसत नाही. इथे बूस्टर सीट, म्हणजे मुलाला उंच बसवणारी जादा बैठक, दुहेरी कामाला येते. पट्टा गळ्यावरून न जाता खांद्यावरून जातो आणि नजर खिडकीच्या वर येते. पुढच्या दोन सीटच्या मधे उभं राहायला मुलांना आवडतं. तिथून रस्ता दिसतो, म्हणून मळमळत नाही, हेही खरं; पण ब्रेक लागला तर ते मूल थेट पुढच्या काचेवर जातं. पुढच्या सीटवर मांडीवर घेणंही तसंच, समोर एअरबॅग असते. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन बंधनकारक आहे, नाहीतर हजार रुपये दंड. दंड जाऊ दे, घाटातलं वळण बघावं.

डोळ्यांना काम द्यायचं ते दूरचं. पुस्तक नाही, रंगवायची वही नाही, मोबाइल तर नाहीच. आयफोनमध्ये २०२४ पासून पडद्याच्या कडेला गाडीच्या हालचालीबरोबर सरकणारे ठिपके दाखवायची सोय आली आहे. मोठ्यांना ती उपयोगी पडेल, पण मुलाच्या हातात मोबाइल द्यायला ते निमित्त नको. त्यापेक्षा समोरच्या गाड्यांच्या नंबरप्लेटचा खेळ चांगला. जीए ०३ म्हणजे म्हापसा, ०४ डिचोली, ०५ फोंडा, ०६ वास्को. घाट ओलांडला की केए २२ म्हणजे बेळगाव, आंबोलीच्या बाजूने गेलात तर एमएच ०७ सिंधुदुर्ग आणि पुढे एमएच ०९ कोल्हापूर. जो आधी ओळखेल त्याला गुण. या खेळात नजर आपोआप पुढच्या काचेतून लांब जाते, आणि पाहिजे तेच होतं. गाणी, गोष्टी, भेंड्या यांनीही लक्ष चांगलं वळतं, कारण त्यात डोळे मोकळे राहतात.

आणखी एक युक्ती आहे, फार कुणाला माहीत नसलेली. वळणावर चालवणाऱ्याचं डोकं बघा, ते वळणाच्या आतल्या बाजूला कलतं. मागे बसलेल्यांची डोकी बाहेर फेकली जातात. प्रवाशांनीही चालवणाऱ्यासारखं आत कललं तर मळमळ कमी होते, असं जपानमधल्या प्रयोगांत दिसलं आहे. मुलांना शास्त्र सांगायची गरज नाही. "आपण पायलटच्या मागे बसलोय, वळण आलं की त्याच्यासारखं कलायचं" एवढं म्हटलं की पुरे. मोटारसायकल पायलट, म्हणजे भाडं घेऊन मागे बसवून नेणारा, गोव्यातल्या पोरांना सांगावा लागत नाही. जे मूल कारमध्ये ओकतं, ते स्कूटरवर बापाच्या मागे कधी ओकत नाही, हे अनेकांनी पाहिलं असेल. मोकळा रस्ता दिसतो, वारा लागतो आणि शरीर वळणाबरोबर कलतं.

हे काहीच जमत नसेल तर डोकं मागे टेकवून डोळे मिटायला सांगावं. झोप लागली तर त्याहून बरं. पहाटे निघण्याची आपल्याकडची जुनी रीत यासाठीही चांगली आहे. ऊन नसतं, रस्ता मोकळा असतो आणि पोरं अर्धवट झोपेतच घाट पार करतात.

उलटीच्या आधीची दहा मिनिटं

मुलं "मला मळमळतंय" असं क्वचित म्हणतात. लहान मुलं म्हणतात, "पोटात दुखतंय," आणि काही तर काहीच म्हणत नाहीत. पण शरीर आधी सांगतं. मघापासून बडबडणारं मूल अचानक गप्प होतं. जांभया सुरू होतात. ओठांभोवतीचा रंग उतरतो, कपाळावर गार घाम येतो, तोंडाला पाणी सुटतं म्हणून ते सारखे आवंढे गिळतं. गाडी थांबवायची वेळ हीच, "अजून दोन वळणं, मग चहाचं दुकान आहे" म्हणायची नव्हे. अर्थात वळणावर थांबू नये. पुढची मोकळी, रुंद जागा बघून, इंडिकेटर देऊन बाजूला घ्यावी. पावसाळ्यात चोर्ल्याला धुकं उतरतं तेव्हा तर फारच जपून, कारण मागून येणाऱ्याला उभी गाडी दिसतच नाही. म्हणून घाट सुरू होण्याआधीच केरीत किंवा पलीकडून येताना कणकुंबीत पाय मोकळे करून घेणं शहाणपणाचं.

खाली उतरवून जमिनीवर उभं करावं, लांबच्या डोंगराकडे बघायला लावावं, तोंडावर वारा लागू द्यावा. श्वास सावकाश आत, सावकाश बाहेर. संथ, मोजका श्वास मळमळ खरंच कमी करतो. घोटभर पाणी द्यावं. रंग परत आल्यावरही लगेच निघू नये, पाच-दहा मिनिटं जाऊ द्यावीत. आणि दर दोन किलोमीटरला वळून "काय रे, होतंय का उलटी?" असं विचारू नये. मळमळीत अपेक्षेचा वाटा मोठा असतो. होणार होणार म्हटलं की होतेच.

डिकीतला फणस

पोटाबद्दल थोडक्यात. रिकामं पोट वाईट आणि तुडुंब भरलेलंही वाईट. निघण्याआधी तास-दोन तास हलकं काहीतरी द्यावं: मऊ पेज, इडली, कोरडी पोळी. पुरी-भाजी, ऑम्लेट-पाव आणि वर ग्लासभर दूध हा बेत घाट उतरल्यावर करावा. वाटेत अधूनमधून साधं बिस्किट आणि घोटघोट पाणी.

वासाचं मात्र आपण कधी मनावरच घेत नाही. नुसत्या वासाने गाडी लागत नाही, पण मेंदू आधीच गोंधळलेला असताना एक उग्र वास पुरतो. डॅशबोर्डवरचा गोडसर परफ्यूम, देवापुढे लावलेली अगरबत्ती, आईच्या केसांतला जाईचा गजरा, पुढच्या डिझेल ट्रकचा धूर. आणि मे महिन्यात सासरी-माहेरी जाताना डिकीत ठेवलेला पिकलेला फणस! एरवी फणसावर जीव टाकणारी पोरंसुद्धा बंद एसी गाडीत त्या वासाने हैराण होतात. सुक्या बांगड्यांची पिशवी न्यायचीच असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात. खिडकी दोन बोटं उघडी ठेवणं हा सर्वांत स्वस्त उपाय.

लिंबू हुंगल्याने दुसरे वास झाकले जातात आणि बरं वाटतं. आल्याचा थोडाफार उपयोग दिसतो, आलेपाकाची छोटी वडी चघळायला द्यायला हरकत नाही. मळमळीवर म्हणून मनगटावर बांधतात त्या दाब देणाऱ्या पट्ट्यांचा ठोस फायदा चाचण्यांत दिसलेला नाही. वर्तमानपत्रावर बसवण्याने काही होत नाही, पण सीट वाचते.

औषध द्यायचंच असेल तर

लांबचा घाट, मोठा प्रवास आणि वरचं सगळं करूनही त्रास, अशा वेळी औषध देण्यात काही गैर नाही. फक्त दोन गोष्टी लोक हमखास चुकवतात. पहिली वेळेची. ही औषधं मळमळ सुरू व्हायच्या आधी पोटात जावी लागतात, औषधाप्रमाणे अर्धा तास ते दोन तास आधी, काही तर आदल्या रात्री. घाट सुरू झाल्यावर दिलेली गोळी बहुतेक वेळा बाहेरच येते.

दुसरी चूक औषधाची. घरात उलटीवरचं ऑन्डान्सेट्रॉनचं सिरप असतं, पोट बिघडल्यावर डॉक्टरांनी दिलेलं, तेच काढून पाजतात. ते पोटाच्या आजारातल्या उलटीवर चांगलं आहे, पण गाडी लागण्यावर त्याचा उपयोग नाही, कारण इथे बिघाडाचा रस्ताच वेगळा. इथे चालतात ती झोप आणणारी जुनी अँटीहिस्टामाइन औषधं: डायमेनहायड्रिनेट, किंवा एव्होमिन या नावाने सगळ्यांना माहीत असलेलं प्रोमेथाझिन. सर्दीवरची झोप न आणणारी नवी औषधं इथे कामाची नाहीत.

प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलाला कधीही देऊ नये, त्याने श्वास मंदावू शकतो. मोठ्या मुलांतही मात्रा वय आणि वजन बघून ठरते, त्यामुळे "शेजारच्या बाबूला अर्धी गोळी देतात" यावर न जाता आपल्या डॉक्टरांना विचारावं. खोकला-सर्दीचं सिरप चालू असेल तर तेही सांगावं, कारण त्यात बहुधा याच जातीचं औषध असतं आणि दोन्ही मिळून गुंगी वाढते. काही मुलं या औषधाने झोपण्याऐवजी उलट पिसाळल्यासारखी करतात. म्हणून पहिली मात्रा प्रवासात नको. डॉक्टरांच्या सल्ल्याने एखाद्या रविवारी घरीच देऊन बघावी. कानामागे लावायच्या हायोसिनच्या पट्ट्या मोठ्यांसाठी असतात, मुलांना लावू नयेत.

आणि गाडीशी संबंध नसताना मुलाला चक्कर येत असेल, चालताना तोल जात असेल, सकाळी उठल्यावर डोकं दुखून उलटी होत असेल, किंवा प्रवास संपून काही तास झाले तरी उलट्या थांबत नसतील, तर "त्याला गाडी लागते" म्हणून विषय सोडून देऊ नये. डॉक्टरांना दाखवावं.

झाल्यावर

दोन-तीन जाड पिशव्या, छिद्र नसलेल्या, आधी पाणी भरून तपासलेल्या. एक ओला फडका, एक कपड्यांचा जोड, पाणी. हे सगळं पायापाशी ठेवावं, डिकीत नाही. भरलेली पिशवी घाटात भिरकावू नये. चोर्ल्याला तर म्हादईच्या अभयारण्याची हद्द आहे, आणि माकडं पिशवी उघडल्याशिवाय राहत नाहीत. उलटी झाल्यावर चूळ भरून घोटघोट पाणी, जास्त झाल्या तर ओआरएस. घरी पोचल्यावर सीट नीट धुवावी, पुसून खायचा सोडा टाकून रात्रभर ठेवावा आणि सकाळी झाडून काढावा. वास राहिला तर पुढच्या वेळी मूल गाडी सुरू व्हायच्या आधीच कासावीस होतं.

गाडीची सवय लावता येते. मेंदू तीच हालचाल पुन्हापुन्हा अनुभवून शिकतो, पण उलटी होईपर्यंत ताणून नव्हे; बरं वाटत असतानाच थांबायचं असतं. फोंड्यातलं मूल असेल तर एखाद्या सुट्टीच्या दिवशी खांडेपारपर्यंत जाऊन परत. मग मोल्यापर्यंत. मग अनमोडची पहिली काही वळणं चढून, सुरक्षित जागा बघून मागे. काणकोणच्या मुलाला करमल घाट घराजवळच आहे, त्याने तिथून सुरुवात करावी. हे अंतर किती दिवसांत वाढवायचं ते मुलाच्या चेहऱ्यावरून ठरवावं. मधे महिनाभर खंड पडला तर एक पायरी मागे येऊन पुन्हा सुरू करावं, कारण ही सवय मोडतेही लवकर.